शोकेसमागचे बटण

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी ऊन, दुपारनंतर वारा. उशांचे अभ्रे धुतले, एकाचे टाके उसवले आहेत. जावई जेवायला घरी नव्हते. पाच वाजता टीव्ही लावला, चित्र आले नाही. पडद्यावर निळा चौकोन, त्यात अक्षरे : कार्ड वैध नाही. थोरल्या जाऊबाईंना आज फोनवर काही सांगता आले नाही. सर्व बटणे बंद.

एवढे लिहून धाकटीने वही मिटली. शहात्तर वर्षांच्या बाईला धाकटी म्हणायचे म्हणजे जरा विचित्रच. पण सासरी दोनच सुना आल्या, त्यांतली ही दुसरी, आणि थोरली अजून हयात होती. थोरली आहे तोवर धाकटीला बढती मिळायची नव्हती. हल्ली तर त्या नावाने हाक मारणारे जगात एकच माणूस उरले होते, आणि तेही विमानाने पाच तासांवर.

रोजनिशीची सवय कॉन्व्हेंटमधली. तिथल्या सिस्टरांनी मुलींना बजावले होते की काय झाले ते लिहायचे, काय वाटले ते लिहायचे नाही. वाटलेले दुसऱ्या दिवशी बदलते आणि मग पानावर खाडाखोड होते. धाकटीला खाडाखोडीचा भारी तिटकारा. त्यामुळे साठ वर्षांच्या वह्यांत तिचे लग्न होते, दोन बाळंतपणे होती, एक मूल गेल्याची तारीख होती, पण रडल्याचा उल्लेख कुठे नव्हता. नवरा गेला त्या दिवशीच्या पानावर वेळ होती, डॉक्टर किती वाजता आले ते होते, आणि खाली 'दूध दोन पिशव्या जास्त घेतले' एवढेच होते.

त्याला आता दोन वर्षे झाली. घर आवरले, विकायचे ते विकले, आणि मुलीने तिला आपल्याकडे, या परक्या देशात आणले. सामानात कपडे, औषधे, शेवटच्या सात वर्षांच्या वह्या आणि टॉवेलात गुंडाळलेली टीव्हीची पेटी होती. त्या पेटीत कार्ड सरकवले की गच्चीवरच्या छत्रीने आकाशातून पकडलेले चित्र टीव्हीवर उमटते. जावयाने विमानतळावरच ती उलटसुलट करून पाहिली होती.

"आई, ही तिकडची आहे. इथे नाही चालायची."

"नाही चालली तर तिच्यावर फुलदाणी ठेवू," धाकटी म्हणाली.

फुलदाणी ठेवायची वेळ आली नाही. तिकडूनच येऊन इथे स्थायिक झालेला एक छत्रीवाला शहरात होता. तीस वर्षे तो इथल्या गच्च्यांवर आपल्या माणसांच्या छत्र्या लावत आला होता. त्याने चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत पुरुषभर उंचीची छत्री उभी केली, तिला दोन दिवस इकडून तिकडे रेटली, आणि एका दुपारी खाली येऊन सांगितले की लागली.

"आकाशातून पडतं ते काही हद्द बघून पडत नाही, काकू. फक्त इतक्या लांब बारीक पडतं. म्हणून भांडं मोठं लावायचं."

कार्ड मात्र तिकडचेच राहिले. थोरल्या जाऊबाईंच्या मुलाने, म्हणजे धाकटीच्या पुतण्याने, ते आपल्या नावावर करून घेतले. रिचार्जही तोच करी; ती निघतानाच त्याने दीड वर्षाचा एकदम करून दिला होता.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? हल्ली सगळे नेटवर दिसते. जावईही तेच म्हणायचा. पण नेटवरच्या चित्राने धाकटीचे काम होण्यासारखे नव्हते, कारण ती टीव्ही स्वतःसाठी बघतच नव्हती.

थोरल्या जाऊबाई चौऱ्यांशीच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग धरला तो वाढतच गेला. कडेकडेचे दिसे, समोरचे दिसेना. "माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही," त्या सांगत. डॉक्टरांनी हात टेकले होते. मुलगा आणि सून दोघेही कामावरून रात्री उशिरा घरी येत. दिवसभर त्या भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. त्यांना दिवसात एकच ओढ होती, ती साडेसातच्या मालिकेची. कापडाचे दुकान असलेल्या एका घराची ती मालिका दोघी जावांनी पहिल्या भागापासून धाकटीच्या घरी, एकाच सोफ्यावर बसून पाहिली होती. थोरल्या दोनच गल्ल्या पलीकडे राहत, सात वाजले की चप्पल घालून निघत.

"आता नुसतं ढॅण ढॅण ऐकू येतं," त्यांनी एकदा फोनवर सांगितले होते. "पाच पाच मिनिटं कोणी बोलत नाही. कोण कोणाकडे बघतंय, कशाला बघतंय, काही पत्ता नाही. सुनेला रविवारी विचारलं तर म्हणते, काही नाही आई, सगळे नुसते बघतायत. अगं पण कसे बघतायत?"

धाकटीने त्याच दिवशी ठरवले. तिकडे साडेसात म्हणजे इकडे पाच. रोज पावणेपाचला ती पाण्याचा तांब्या भरून टीव्हीसमोर बसायची, फोन स्पीकरवर टाकून खुर्चीच्या हातावर ठेवायची आणि आपल्या टीव्हीचा आवाज बंद करायची. आवाज जाऊबाईंच्या टीव्हीचा, फोनमधून येणारा. चित्र हिच्या टीव्हीवरचे. छत्रीतून येणारे चित्र दोन्ही घरांत एकाच घटकेला येत असल्यामुळे हे जमत होते.

"सासू दारात उभी. पिवळी साडी, कालचीच. पदराखाली काहीतरी धरलंय. मोठ्या सुनेकडे बघतेय."

"रागाने?"

"रागाने नाही. डावी भुवई वर आहे. भाजी निवडून घेताना बघतो ना, तशी."

"म्हणजे हिला कळलंय."

"कळलंय. आता सून बघतेय. तिने आधी खाली बघितलं, मग वर."

"नाटकी आहे ती मेली."

असे सव्वा वर्ष चालले होते. काय झाले ते सांगायचे, काय वाटले ते नाही, ही सिस्टरांची शिकवण अशी कामाला आली होती. जे काही वाटायचे ते जाऊबाई वाटून घेत. सव्वा वर्षात खाडे चार, त्यांतले तीन तापाचे, असे वहीत नोंदलेले होते. आता हा निळा चौकोन.

बुधवारी पुतण्याचा फोन आला. "काकू, रिचार्ज मी शनिवारीच केलाय, पूर्ण वर्षाचा. त्यांच्या ऑफिसला पण फोन केला. विचारत होते, आत्ता पेटीसमोर कोणी बसलंय का. म्हटलं, माझी काकू बसली आहे. कुठल्या देशात ते त्यांनी विचारलं नाही. खोटं काय बोललो?"

"काही नाही. बसलेच होते."

"मग झालं तर. त्यांनी सांगितलंय, पेटी चोवीस तास चालू ठेवा. आकाशातून निरोप येईल आणि कार्ड आपोआप सुरू होईल."

धाकटी सकाळपासून पेटी चालू ठेवून निळ्या चौकोनासमोर बसून राहिली. भाजी तिथेच चिरली, औषधे तिथेच घेतली. निरोप आला नाही. साडेनऊ वाजता उठली, गुडघे धरून घरभर फेरी मारली आणि झोपली.

ही फेरी तिच्या नवऱ्याची. तो कारखान्यात वायरमन होता. जळलेले बोर्ड, वितळलेले प्लग, एकदा तर जळालेले गोदाम, असे बरेच बघून त्याने घरात एक नियम केला होता. झोपण्यापूर्वी भिंतीवरचे प्रत्येक बटण बंद झाले पाहिजे. रिमोटने बंद केलेले त्याच्या लेखी बंद नव्हते. "ते झोपेचं सोंग आहे," तो म्हणायचा. रोज साडेनऊला तो खोलीखोलीतून फिरायचा आणि मग मोठ्याने सांगायचा की सगळे बंद. ते ऐकून धाकटी वहीत तसे लिहायची आणि वही मिटायची. तो गेल्यावर फेरी तिच्याकडे आली. तिला कोणी सांगितले नव्हते, पण पहिल्या रात्री ती उठली ती उठलीच.

मुलीच्या घरी या फेरीने सुरुवातीला बरीच दाणादाण उडवली होती. एकदा कपडे धुण्याचे मशीन अर्ध्यावर थांबले आणि सकाळी ओल्या कपड्यांचा गोळा निघाला. दोनदा वायफाय बंद झाला. त्यातल्या दुसऱ्या वेळी जावयाची कुठल्याशा साहेबांशी सकाळी लवकर बैठक होती. संध्याकाळी त्याने वायफायच्या बटणावर जाड काळी चिकटपट्टी लावून टाकली. धाकटीने ते वहीत नोंदवले.

गुरुवारी जावई ऑफिसातून येताना एक चपटी डबी घेऊन आला. ती टीव्हीला जोडली की नेटवर तोच चॅनल दिसायचा. चित्र छत्रीपेक्षा स्वच्छ होते. शुक्रवारी पाच वाजता धाकटी बसली, फोन लागला.

"दार वाजतंय," धाकटी म्हणाली. "नोकर उघडायला चालला."

"अगं कुठलं दार?"

"बाहेरचं. उघडलं. मोठा मुलगा आलाय, शर्टाचं वरचं बटण तुटलंय."

"तो येऊन, ओरडून, आत गेला सुद्धा. सासू रडतेय आता."

"नाही, सासू अजून पलंगावर बसलीय, पेपर वाचतेय."

"धाकटे, माझ्या कानाशी रडतेय ती."

जावयाने मागे उभे राहून घड्याळ लावले. नेटवरचे चित्र पन्नास सेकंद मागे होते. त्याने कपाळावर हात मारला, मग डबीच्या सेटिंगमध्ये शिरला, मग डबीच्या कंपनीला फोन लावला. पन्नासाचे सत्तेचाळीस झाले. "तिकडे थोरल्या काकूंकडे पण हीच डबी बसवू," तो म्हणाला. पण थोरल्या जाऊबाईंना रिमोटवरचे एकच बटण बोटांनी ओळखता येत होते, आणि साडेसातला घरात दुसरे कोणी नसे.

शनिवारी धाकटीने दुसरी युक्ती केली. आधी तुम्ही ऐकून ठेवा, मग मी सांगते, असे ठरले. पण जाऊबाई ऐकलेले धरून ठेवीपर्यंत पुढचे यायचे. हिने सांगितलेली पिवळी साडी त्यांच्या कानातल्या भांडणाला लागेना. दहा मिनिटांनी त्या गप्प झाल्या. नुसता टीव्हीचा आवाज येत राहिला.

"जाऊबाई, आहात का?"

"आहे की. जाणार कुठे?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "राहू दे गं, धाकटे. दमतेस तू. मी रेडिओ लावत जाईन."

धाकटी खरेच दमली होती. पाय दुखत होते, पाठ दुखत होती, आठवडाभर निळा चौकोन बघून डोळे चुरचुरत होते. पण 'राहू दे' ऐकून तिला वेगळीच धास्ती बसली. साठ वर्षांत जाऊबाईंनी तिला 'असं कर', 'तसं करू नको', 'तुला काही कळत नाही' हे सगळे म्हटले होते. 'राहू दे' कधी म्हटले नव्हते. रात्री पुतण्याशी बोलणे झाले तेव्हा तोही म्हणाला, "काकू, आईने आज फोन ठेवला आणि लगेच टीव्ही बंद करून टाकला म्हणे. आम्ही आलो तेव्हा अंधारात पडली होती. दिवा लावला तर म्हणाली, मला काय त्याचं."

रविवारी छत्रीवाला आला. चार जिने चढून आल्यावर तो दारातल्या स्टुलावर बसला आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. तोही साठीच्या पुढचा. कमरेला पट्टा, गुडघ्याला पट्टा.

"किती छत्र्या लावता हल्ली?" धाकटीने पाणी देत विचारले.

"लावतो कुठे? उतरवतो. गेल्या वर्षात तीन लावल्या, चाळीस उतरवल्या. लावणारा पण मीच होतो, उतरवणारा पण मीच. पोरं म्हणतात, अंकल, फोनवर सगळं येतं." त्याने ग्लास खाली ठेवला. "बघू तुमची."

गच्चीवर जाऊन आला, पेटीचे आकडे पाहिले. "सिग्नल बहात्तर. छत्री ठणठणीत आहे, तुमच्यामाझ्यापेक्षा. कार्डाला परवाना मिळालेला नाही, एवढंच. आठवडा झाला ना रिचार्ज करून? मग निरोप यायला हवा होता." तो पेटीची वायर चाचपत भिंतीपाशी वाकला आणि वाकलेलाच थांबला. शेजारच्या बटणावर काळी पट्टी होती.

"ही पट्टी कशाला?"

मुलगी आतून म्हणाली, "आई रात्री सगळी बटणं बंद करते. ते वायफायचं आहे, म्हणून त्याला पट्टी."

"आणि हे टीव्हीचं?"

"तेही करते."

"रोज?"

"रोज," धाकटी म्हणाली. "मुळातून."

छत्रीवाला हळूहळू सरळ झाला. कमरेवर हात ठेवून तो तिच्याकडे बघत राहिला. हसावे की काय करावे हे त्याला ठरवता येत नसावे. "काकू, तुमची पेटी जुनी, कार्ड जुनं. या जुन्या कार्डांचे परवाने आकाशातून येतात ते सगळी निजानीज झाल्यावर. दिवसा गर्दी असते. पेटी रिमोटने बंद असली तरी चालतं, ती अर्धी जागी असते. पण भिंतीवरचं बटणच बंद म्हणजे काय? पोस्टमन रोज येतोय, आणि तुम्ही घंटा काढून, दाराला कुलूप लावून झोपताय."

"माझा चुलतभाऊ चोवीस तास म्हणाला होता," मुलगी म्हणाली.

"चोवीस तासांत रात्र येते ना, ताई."

त्याने तिथूनच पुतण्याला फोन लावायला लावला. पुतण्याने ऑफिसला विचारून परत फोन केला. ते पुन्हा निरोप धाडतील, पण मंगळवारपर्यंतच. त्यानंतर कार्ड रद्द, आणि नवीन हवे असेल तर पेटी घेऊन त्यांच्या ऑफिसात यायचे. पेटी इथे, ऑफिस तिथे. आणि या जुन्या पेटीला ते नवीन कार्ड देतील याची छत्रीवाल्याला खात्री नव्हती.

"आज एवढं बटण राहू द्या," जाताना तो म्हणाला. "आग लागणार नाही. लागली तर मला फोन करा."

"मी पट्टी लावू का, आई?" मुलीने विचारले.

"काही नको. मला कळतं," धाकटी म्हणाली.

सोमवारी सकाळी मुलगी डबा भरता भरता बाहेर आली तेव्हा टीव्हीचे बटण बंद होते.

"आई, बंद केलंस?"

"केलं."

"विसरलीस का?"

"नाही."

"मग?"

धाकटी कपबशी धरून बसली होती. "हात गेला," ती म्हणाली. फेरी मारत ती तिथे आली, थांबली, पुढे गेली, पलंगावर पडली, आणि परत उठून येऊन तिने ते बंद केले होते. एक बटण चालू ठेवून वहीत 'सर्व बटणे बंद' कसे लिहायचे? आणि ते न लिहिता वही कशी मिटायची?

मुलगी रविवारचे धुणे आणि सोमवारची घाई यांच्या मध्ये उभी होती. तिचाही चेहरा ओढलेला होता. "बाबा गेले, आई. दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "बटणांना सुद्धा कळलंय." मग तिला आपण बोललो त्याचे वाईट वाटले असावे, कारण जाताना ती दारातून परत आली आणि आईच्या गुडघ्यावर शाल टाकून गेली.

दहाच्या सुमारास छत्रीवाल्याचा फोन आला. कार्ड रद्द झालेच तर काय करता येईल, हे तो एका ओळखीच्या माणसाला विचारणार होता. त्यासाठी पेटी नक्की कधी घेतली ते हवे होते.

"तारीख आहे का कुठे लिहिलेली?"

"तारीख तर असणारच," धाकटी म्हणाली.

तिने पलंगाखालची पिशवी ओढली. सहा वर्षांपूर्वीच्या वहीत जूनमध्ये ते पान सापडले. तिने भिंग घेऊन वाचले.

'रविवार, २३ जून. ढग. नवीन पेटी आली. जोडणाऱ्याने प्लग शोकेसमागच्या बटणात लावला. ह्यांना पसंत नाही, तिथे हात पोहोचत नाही. शोकेस हलवायची तर काचेची भांडी उतरवावी लागतील. सर्व बटणे बंद, शोकेसमागचे सोडून.'

तिने पान उलटले. चोवीस जून : सर्व बटणे बंद, शोकेसमागचे सोडून. पंचवीस जून : तेच. जुलै, ऑगस्ट, तेच. पाहुणे आले, पंखा बिघडला, मुलीचा फोन आला, जाऊबाईंचा चष्मा हरवला आणि सापडला, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तीच ओळ. तिने पुढची वही काढली, तिच्या पुढची. हेच शब्द तिने चार वर्षे रोज लिहिले होते. रोज लिहिलेले कोण वाचतो? नवरा फेरी संपवून जे मोठ्याने म्हणायचा ते ती तसेच उतरवायची. तो गेला, शोकेस विकली गेली, घर बदलले. इथे शोकेसच नव्हती, तेव्हा तिच्यामागचे काही सोडायचा प्रश्न नव्हता, आणि ओळ आपोआप आखूड झाली होती.

सप्टेंबरच्या एका पानावर ती थांबली. मग फोन उचलला. जाऊबाईंशी बोलायची ही वेळ नव्हती, त्यामुळे पलीकडून आधी घाबरलेला आवाज आला.

"काय गं, काय झालं?"

"काही झालं नाही. जाऊबाई, ह्यांचा हात शोकेसमागे अडकला होता, आठवतं?"

मग जाऊबाई हसायला लागल्या. किती दिवसांनी हसत होत्या कोण जाणे, मधेच खोकला आला. "न आठवायला काय झालं? मीच तर तेल लावून सोडवला. भाऊजी मनगटापर्यंत आत, घामाघूम, आणि तू मागे उभी राहून विचारतेस, नक्की किती वाजता अडकला? वहीत लिहायला."

"सात वाजून दहा मिनिटं," धाकटी म्हणाली. "लिहिलंय. पण पुढे ते काही म्हणाले का? ते नाही लिहिलेलं."

"म्हणाले की. हात चोळत बसले सोफ्यावर. म्हणाले, वहिनी, मरू दे ते एक बटण. एवढ्या घरात एकजण जागा असला तर बरंच आहे. का गं?"

"सहज," धाकटी म्हणाली. "उद्या साडेसातला टीव्ही लावा. रेडिओ नको."

"लागली का तुझी पेटी?"

"उद्या सांगते."

छत्रीवाल्याला तारीख कळवली. दुपारी ती झोपली नाही, उसवलेला अभ्रा घेऊन बसली पण सुईत दोरा जाईना, म्हणून तसाच ठेवला. संध्याकाळी जेवणे झाली, मुलगी भांडी विसळत होती, जावई कॉम्प्युटरसमोर जांभया देत होता. साडेनऊला धाकटी उठली. स्वयंपाकघर, मोरी, आपली खोली, पॅसेज. टीव्हीच्या भिंतीपाशी येऊन उभी राहिली. पेटीवर हरभऱ्याएवढा तांबडा दिवा लागलेला होता.

"सगळं बंद," ती मोठ्याने म्हणाली. मुलगी नळ बंद करून दारात आली. "टीव्हीमागचं सोडून."

जावयाने वळून पाहिले. मुलीने त्याला खुणेने गप्प बसवले. धाकटी खोलीत गेली आणि दार लोटून घेतले. तिला लगेच झोप लागली असे नाही, पण ती परत उठून बाहेर आली नाही.

मंगळवारी दिवसभर तिने टीव्ही लावून पाहिला नाही. लावला आणि निळा चौकोन दिसला तर पाच वाजेपर्यंतचा वेळ कसा काढायचा, हा प्रश्न होता. पावणेपाचला तांब्या भरून बसली. फोन लावला, स्पीकरवर टाकला, खुर्चीच्या हातावर ठेवला. पलीकडे मालिकेचे सुरुवातीचे संगीत सुरू झाले होते. मग तिने रिमोट दाबला.

पडदा काळा झाला, थोडा वेळ काळाच राहिला, आणि मग एकदम पिवळा झाला. सासूची साडी होती.

फोनमधून ढॅण ढॅण वाजत होते. कोणी बोलत नव्हते.

"धाकटे," जाऊबाई म्हणाल्या. आवाजात विचारणे नव्हते, नुसती हाक होती.

"थांबा, सांगते. सासू जिन्यात उभी आहे. पिवळी साडी, तीच. हातात किल्ली आहे, आता उघड धरलीय. धाकटी सून खाली उभी, वर बघतेय."

"कशी बघतेय?"

धाकटीने चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. "दमलेली आहे," ती म्हणाली. "पण बघतेय नीट."

"किल्ली मागेल ती आता."

"मागितली. हात पुढे केला."

"बघ. म्हटलं नव्हतं मी?" जाऊबाई म्हणाल्या. "तुला काही कळत नाही. पुढे सांग."

त्या रात्री वहीत आठच ओळी झाल्या. वारा नाही. अभ्र्याला मुलीने दोरा ओवून दिला, टाके घातले. पाच वाजता चित्र आले. छत्रीवाल्यांना फोन करून कळवले, ते दुसऱ्या एका गच्चीवरची छत्री उतरवत होते. थोरल्या जाऊबाईंना पूर्ण भाग सांगितला. पाय दुखतात. दूध उद्यापुरते आहे. सर्व बटणे बंद, टीव्हीमागचे सोडून.